काटकोनच्या मित्राचा प्रश्न

आमच्या कारखान्यात फ्रिजच्या दाराला लागते ती रबरी पट्टी तयार होते. दार उघडताना जे किंचित चिकटून मग सुटतं ना, ते आमचं काम. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि जेवढं आहे तेवढं सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मिस्टरांना वाटतं मी फ्रिज विकते.

मी बसते कार्यालयात. ओळखपत्रं, गणवेश आणि लॉकरच्या किल्ल्या हे माझं खातं. लोक किल्ल्या हरवतात आणि मी चिडते, असं आमचं वर्षानुवर्षं बरं चाललंय. माझ्या पुढच्या टेबलावर, काचेच्या खिडकीपाशी जी बसते, तिच्याबद्दल मला सांगायचंय. पगार, रजा, विमा, फंड, बोनस, कपात, म्हणजे माणसाच्या पोटाशी येऊन भिडणारे जेवढे प्रश्न, तेवढे सगळे तिच्याकडे. तिला नाव आहे, ते पगारपत्रकात छापून येतं. पण सगळा कारखाना तिला खिडकी म्हणतो. खिडकीला विचार. खिडकी आज रजेवर आहे. खिडकी म्हणाली, मिळणार नाही. तोंडावर तेवढं ताई. एकदा मी विचारलं, "अगं, तुला राग नाही येत?" म्हणाली, "दरवाजा म्हणाले असते तर आला असता. सगळे आत घुसले असते."

हे ती हसून म्हणाली असं समजू नका. ती हसत नाही. एक नवा पोरगेला फिटर एकदा विचारायला आला, लग्नाची रजा किती मिळते. तिने सांगितलं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि दुसऱ्या लग्नाची?" खिडकीने डोळ्यांची पापणीही हलवली नाही. "नियमात लग्नाचा क्रमांक दिलेला नाही," म्हणाली. "रजा मंजूर झाल्याचं पत्र मात्र घरच्या पत्त्यावर जातं." तो गृहस्थ पुन्हा खिडकीशी फिरकला नाही.

आता आमची एक रीत सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे स्वतःसाठी कोणी काही विचारत नाही. ही पद्धत कोणी पाडली देव जाणे. खिडकीशी आलेला माणूस आधी डावीउजवीकडे बघतो आणि म्हणतो, "ताई, माझा एक मित्र आहे." मित्राला मूळव्याध आहे, विम्यात बसते का. मित्राने घरी पगार कमी सांगितलाय, पगाराची चिठ्ठी घरी नेली नाही तर चालेल का. मित्राने रागाच्या भरात वारसदार म्हणून भावाचं नाव घातलंय, आता बायकोचं घालायचंय, पण भावाला कळता कामा नये. रांगेत उभं राहून ऐकलं तर वाटावं, आमचे लोक सगळे ठणठणीत आणि सुखी, फक्त मित्रांच्या काळजीने बिचारे अर्धे झालेत.

आणि खिडकी हे नाटक शेवटपर्यंत चालू ठेवते. "तुमच्या मित्राला सांगा, मूळव्याध योजनेत आहे. अर्ज उभ्याने भरला तरी चालतो."

मला हे अजिबात पटत नव्हतं. मी असते तर एकेकाचा कान धरला असता. मित्राची सही तुझ्यासारखीच कशी रे, म्हणून विचारलं असतं. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मित्र आहे म्हणून तो विचारतो तरी. मित्र काढून घेतलास तर तो घरी जाईल, आणि काय करेल ते आपल्याला कळणारही नाही."

दुसरी गोष्ट तिची स्वतःची. खिडकी कधीही "उद्या या" म्हणत नसे. तिचे वडील एका छापखान्यात होते. ते गेले तेव्हा ही शाळेत. त्यांचे पैसे सोडवायला आई रोज कार्यालयात जायची आणि तिथला कारकून रोज सांगायचा, उद्या या. हे इतकं चाललं की शेवटी कारकूनच निवृत्त झाला आणि स्वतःच्या पैशांसाठी आईच्या शेजारी बाकावर येऊन बसला. हे तिने मला डबा खाताना सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं. म्हणून ती या खुर्चीवर बसली तेव्हापासून विचारणारा माणूस उत्तर घेऊनच परत जायचा. तिला माहीत नसेल तर ती त्याला समोर उभं करून फोन लावायची, फायली उपसायची, साहेबांना ताटावरून उठवायची. बहुतेक वेळा उत्तर "नाही" असायचं, ते सोडा. पण त्याच दिवशी असायचं.

घरीही तिचं तेच. नवरा शाळेची बस चालवतो, मुलगी शिकायला बाहेरगावी, आणि घरात सासरे. सासऱ्यांच्या हल्ली काही लक्षात राहत नाही. जेवून हात धुतला की विचारतात, "सूनबाई, माझं जेवण झालं का?" ती सांगते, "झालं, बाबा. भात दोनदा घेतलात." ते बरं म्हणतात, हात पुसतात आणि पुन्हा विचारतात. पुन्हा तेच उत्तर, त्याच आवाजात, जणू पहिल्यांदाच. मी एकदा तिच्याकडे गेले होते. मी पाहुणी होते म्हणून गप्प बसले, नाहीतर तिसऱ्या वेळेला मीच ओरडले असते.

तर काटकोन. काटकोन हा आमचा कापकामाचा माणूस. पट्टीची टोकं तिरकी कापून जोडली की चौकट होते, आणि टोक केसभर चुकलं की फ्रिजचं दार नीट लागत नाही. बाकीचे पट्टी साच्यात धरून कापतात. हा नजरेने कापायचा, आणि साचा बरोबर आहे का ते याच्या तुकड्यावर धरून बघायचे. म्हणून काटकोन. उंच, ताठ, कामापुरतं बोलणारा. त्याच्या हातून लॉकरची किल्ली कधी हरवली नाही, यावरून माझं त्याच्याबद्दल काय मत असेल ते ओळखा.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी ते चहाच्या कपात दिसलं, मग पट्टीत. भरलेली गाडी गिऱ्हाइकाकडून परत आली, तेव्हा त्याला कापकामावरून उठवून भंगाराच्या शेडमध्ये वजनकाट्यावर बसवलं. कापून उरलेले तुकडे गोण्यांत भरून येतात, ते तोलायचे. नोकरीवरून काढलं नाही हे कंपनीचे उपकार. कौशल्याचा भत्ता गेला, ओव्हरटाइम गेला, पगाराच्या चिठ्ठीवर आकड्यांच्या जागी रेघा आल्या. आता तो दिवसभर दुसऱ्यांनी वाकडंतिकडं कापलेलं तोलत बसायचा. डॉक्टरला दाखव म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. तो म्हणायचा, मला काय झालंय.

एका दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता तो खिडकीशी आला. रांग नव्हती. मी मागे किल्ल्यांना क्रमांक चिकटवत बसले होते.

"ताई, माझा एक मित्र आहे."

मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, हाही शेवटी आपल्यातलाच निघाला.

"विचारा की, दादा," खिडकी म्हणाली.

"मित्राचा विमा आहे. कंपनीचाच. तो गेला तर घरच्यांना रक्कम मिळते ना?"

"मिळते."

"समजा, आजाराने नाही गेला. अपघातानेही नाही." त्याने उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. "स्वतःहून गेला. तर बायकोला मिळते, की अडवतात?"

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. खिडकीने मान वर केली नाही. उत्तर तिला पाठ होतं, हे मी शपथेवर सांगते. त्या योजनेचा शब्द न् शब्द तिने स्वतः टाइप केलेला. तरी तिने फाइल उघडली, दोन पानं उलटली, आणि म्हणाली, "दादा, हे मला बघावं लागेल. उद्या या."

काटकोन बघतच राहिला. "उद्या?"

"उद्या, याच वेळेला. आणि मित्राचं वय विचारून या. त्याशिवाय सांगता यायचं नाही."

हा माणूस एरवी निघताना "येतो ताई" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. त्या दिवशी नुसता वळला आणि गेला.

तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला आणि मी तिच्यावर तुटून पडले. "अगं बाई, कळलं का तुला तो काय विचारत होता? आणि तू त्याला उद्या या म्हणतेस? धरून बसवायचा तिथेच."

"कळलं," ती म्हणाली. तोवर तिच्या कानाला फोन होता. आधी कंपनीच्या डॉक्टरांना, मग काटकोनच्या घरी. बायकोला तिने सरळ सांगितलं, त्यांना एकटं सोडू नका, रात्री तर नाहीच. बायको म्हणाली, "पण ते चांगले आहेत हो हल्ली. रविवारी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. कुठला कागद कुठे ठेवलाय ते मुलीला दाखवून ठेवलं." खिडकीने फोन ठेवला, पण हात फोनवरून काढला नाही. 

डॉक्टर लगेच शेडमध्ये गेले. काटकोनने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि सांगितलं, मी मजेत आहे, एका मित्राची चौकशी करत होतो. डॉक्टर पाणी पिऊन परत आले.

"उत्तर देऊन टाकायचं होतंस," मी म्हटलं. "नाही मिळत म्हणून सांगायचं. बसला असता गप."

"उत्तर मिळालं की त्याचं इथलं काम संपलं. मग तो कशाला येईल?" ती फाइल बांधत म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आईला पैसे मिळाले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही. आजारी नव्हती. म्हणाली, आज कुठे जायचंय? तोवर रोज केस विंचरून, चांगले कपडे करून, वेळेवर बाहेर पडत होती. त्या कारकुनाला मी जन्मभर शिव्या घातल्या. पण बाबा गेल्यावर माझ्या आईला रोज सकाळी उठवलं ते त्यानेच."

मी चहा आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी तो आला. मित्राचं वय त्याने सांगितलं. खिडकीने ते लिहून घेतलं आणि विचारलं, मित्राला मुलं किती. हे त्याला सांगता आलं असतं, पण मित्राला विचारावं लागेल म्हणाला. "विचारा ना," ती म्हणाली, "उद्या या." पुढे मुलगी कितवीत आहे ते लागलं. मग तिला कुठला विषय आवडतो तेही लागलं. विम्याच्या कुठल्या कलमात हे येतं, असं कोणीही विचारलं असतं. काटकोनने विचारलं नाही. "चित्रकला," तो म्हणाला. "रेघ सरळ येते तिची. पट्टी लागत नाही." आणि मग स्वतःच दचकला.

एकदा तिने मित्राचा फोटो मागितला, हल्लीचा. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा फोटो काउंटरवर पालथा ठेवला. तिने उलटून बघितला. "मित्राने दाढी करायला हवी होती," म्हणाली. "सांगतो," तो म्हणाला. पुढच्या दिवशी तो दाढी करून आला.

डॉक्टरांना तिने खिडकीशेजारच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, सहज बसल्यासारखं. डॉक्टर अभिनयात अगदीच कच्चे. रजेचा कोरा अर्ज हातात धरून इतका वेळ वाचत बसले की रांगेतल्या एकाने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या मित्राचा आहे का?" तरी काटकोन आला तेव्हा ते अर्जातून डोकं वर न काढता म्हणाले, "मित्राचा हात थरथरत असेल तर म्हणावं, त्यावर औषध असतं. मनाला काही वाटेनासं झालं असेल, तर त्यावरही असतं." काटकोन म्हणाला, मित्राला सांगतो. आणि गेला.

मध्येच साहेब उपटले. त्यांनी नवा संगणक आणला होता. कोणी काय विचारलं ते त्यात भरायचं, उत्तर दिलं की ओळ हिरवी, राहिलं की लाल. खिडकीचा पडदा कायम हिरवागार. त्यात ही एक ओळ लाल, रोज लाल. "तुमच्याकडे लाल?" साहेब म्हणाले. "एवढं काय अवघड आहे त्यात?" खिडकी उठली, त्यांच्या जवळ गेली आणि हळू आवाजात काय ते सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. "लाल राहू दे," म्हणाले आणि निघून गेले. या साहेबांबद्दल मी आजवर जे जे बोलले त्यातलं निम्मं मागे घेते. निम्मंच.

आणि मग एक दिवस तो आला नाही.

जेवणाची सुट्टी संपली. खिडकीने काच लावली नाही, डबा उघडला नाही. समोर रांग लागली होती आणि ती रांगेच्या वरून कारखान्याच्या आवाराकडे बघत होती. पुढचा माणूस म्हणाला, "ताई, माझा एक मित्र आहे."

"मित्राला थांबायला सांगा," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे ढकलून उठली. कामाच्या वेळेत ती खुर्ची रिकामी झालेली त्या माणसांनी कधी बघितली नव्हती. ती दारातून बाहेर पडली, आधी भरभर चालली, मग पळायला लागली. मी तिच्या मागे. सगळ्या आवाराने आम्हाला पळताना बघितलं, आणि आमचं पळणं काही बघण्यासारखं नाही.

काटकोन शेडमध्ये गोण्यांना पाठ टेकून जमिनीवर बसला होता. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. आम्हाला बघून उठला नाही. मी दारातल्या खांबाला धरून उभी राहिले. खरं सांगते, जिवंत माणूस बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"आज आला नाहीत," खिडकी म्हणाली. तिला धाप लागली होती.

"मित्र म्हणाला, राहू दे आता." त्याने तिच्याकडे बघितलं नाही. "उत्तर काहीही असलं तरी काय फरक पडतो, म्हणाला."

"तुमच्या मित्राला सांगा, मी वाट बघत होते. सांगा, मी घाबरले. मी जेवलेले नाही आणि पळत आलेय, आणि मला पळायची सवय नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "आणि हेही सांगा, की उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी ते देणार नाही. आज नाही, उद्याही नाही. त्याने रोज यायचं आणि रोज विचारायचं. मी रोज नाही देणार."

त्याने मांडीखालचा हात बाहेर काढला. मग काटकोन म्हणाला, "ताई, मित्र कोणी नाही."

"माहीत आहे, दादा."

तो रडायला लागला. एवढा उंच माणूस, रडताना कसा बसावा हेही त्याला कळत नव्हतं. खिडकीला उभं राहवेना. जवळ बसण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून ती वजनकाट्यावरच बसली आणि त्याचं रडणं होईपर्यंत बसून राहिली. काट्यावर तिचं वजन दिसत होतं. मी ते वाचलं, पण इथे सांगणार नाही. मग ती उठली, त्याच्या उजव्या हाताला धरून त्याला उठवलं, आणि म्हणाली, "चला. डॉक्टर थांबलेत."

यावेळी तो गेला. मोठ्या डॉक्टरांकडेही गेला. बायको बरोबर होती. हाताचं औषध सुरू झालं आणि मनाचंही, आणि बरेच महिने लागले. मधे वाईट दिवस आले. तेव्हा तो खिडकीशी येऊन नुसता उभा राहायचा, आणि ती त्याला काहीतरी लिहायला द्यायची. हात पूर्ण थांबला नाही. पण हात थरथरला म्हणून नजर काही चुकत नाही, हे साहेबांच्या ध्यानात आलं, आणि त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. आता कापलेला तुकडा त्याच्यासमोरून गेल्याशिवाय गाडीत चढत नाही. भत्ता निम्मा परत मिळाला. कंपनीचे उपकार.

परवा तो खिडकीशी आला. मोठी रांग होती.

"ताई, माझ्या मुलीच्या दातांना तार लावायचीय. विम्यात बसतं का?"

रांगेतल्या माना वळल्या. आमच्या कारखान्यात त्या खिडकीशी उभं राहून कोणी "माझ्या" म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मागच्या माणसाने तर मान पुढे काढून याचं तोंड बघून घेतलं.

"नाही बसत," खिडकी म्हणाली. फाइल उघडली नाही, पान उलटलं नाही. "दात योजनेत नाहीत."

"बरं," काटकोन म्हणाला. तो अजिबात नाराज झालेला दिसला नाही. जायला निघाला आणि पुन्हा वळला. "आणि ते, मित्राचं?"

खिडकीने पडद्याकडे बघितलं. ती ओळ अजून तिथेच आहे. सगळ्या हिरव्यात तेवढी एकच लाल.

"बघतेय," ती म्हणाली. "उद्या या."

"येतो ताई," काटकोन म्हणाला.